तीन मिलिमीटरचं अंतर

मराठी माणसाला ‘अंतर’ या शब्दाची पहिल्यापासून धास्ती आहे. जुन्या सिनेमातली नायिका डोळ्यांत पाणी आणून नायकापाशी एकच मागणं मागायची, ‘मला अंतर देऊ नका.’ (नायक ते द्यायचाच. नाहीतर पुढची बारा रिळं दाखवायची काय?) दोन भावांत ‘अंतर पडलं’ म्हणजे वाडा विकायला निघाला. बरोबरीचा मित्र ‘अंतर राखून’ वागायला लागला म्हणजे त्याला प्रमोशन मिळालं. थोडक्यात, अंतर ही वाईट गोष्ट. माणसं कशी दुधात साखर विरघळावी तशी एकमेकांत विरघळलेली असावीत, असं आपलं एकूण मत. विरघळल्यावर पुढं कसं काय वाटतं, हे अजून कुणी साखरेला विचारलेलं नाही.

गंमत अशी की, याच मराठीत अंतर म्हणजे मनसुद्धा. ‘अंतरीची खूण’ म्हणतो तेव्हा आपण दोन वस्तूंमधल्या फटीबद्दल बोलत नसतो. ज्या शब्दानं फट सांगायची त्याच शब्दानं काळीज सांगायचं, आणि हे करताना कुणाची जीभ अडखळत नाही.

लग्नाचंच घ्या. आपल्याकडे लग्न लागतं तेच मुळी अंतर धरून. वधू एकीकडे, वर दुसरीकडे आणि मध्ये अंतरपाट. तो धरणाऱ्या दोघांचे हात भरून येतात, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावशींचा आवाज चौथ्या कडव्याला फुटतो, तरी कापड हलवायचं नाही. पुढं वर वचन देतो, ‘नातिचरामि’. म्हणजे ‘मी अतिक्रमण करणार नाही.’ बघा, तो ‘मी जवळ येईन’ असं म्हणतच नाही. ‘मी ओलांडणार नाही’ असं म्हणतो. हा एवढा मोलाचा शब्द मुंडावळ्या सावरण्याच्या नादात वराच्या कानापर्यंत पोचत नाही आणि पुढची चाळीस वर्षं घरात कुणी कुणाला किती ओलांडलं याचा हिशेब चालू राहतो.

तर प्रश्न असा, की माणसानं माणसाच्या किती जवळ जावं? आणि जवळ जाताना जागा कुणी कुणासाठी सोडायची?

मी बँकेत क्लार्क. शिक्षण बी.कॉम. आमच्या अभ्यासक्रमात कॉस्टिंग होतं, ऑडिटिंग होतं, तत्त्वज्ञान नव्हतं. पण नोकरीनंच मला फटीमागं बसवलंय. काउंटरच्या काचेला खाली एक अर्धगोल भोक असतं. त्यातून पैसे बाहेर जातात आणि तक्रारी आत येतात. काही ग्राहकांना तेवढं अंतरही सोसत नाही. ते त्या भोकात डोकं घालून बोलतात. ‘क्लिअरन्स’ हा शब्दही आमच्या रोजच्या वापरातला, पण तो चेकचा. पूर्वी चेक क्लिअरिंगला गेला की दोन दिवस त्याची वाट पाहावी लागे. 4 ऑक्टोबर 2025 पासून तो काही तासांत पास किंवा नापास होऊन येऊ लागला. क्लिअरन्सचा दुसरा एक अर्थ आहे, तो मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे मला कळलं ते मात्र टायरच्या दुकानात.

माझ्या भाच्यानं नोकरी लागल्यावर दीड वर्षानं एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. पेढे वाटले, लिंबू-मिरची बांधली, आणि आठवड्याभरात त्याला शोध लागला की गाडीला सगळं आहे, फक्त ‘लुक’ नाही. लुक हा चाकात असतो म्हणे. लोखंडी चाकावर प्लॅस्टिकची थाळी बसवलेली गाडी म्हणजे सुटाखाली सपाता घातलेला नवरदेव. त्याला पंधरा इंची चाकं काढून सोळा इंची अलॉयची चाकं लावायची होती. मला बरोबर नेलं ते सल्ल्यासाठी नव्हे. बँकेतला मामा सोबत असला की दुकानदार पक्की पावती देतो, एवढ्यासाठी.

चाक बदलायचं म्हणजे चार नट काढायचे आणि चार नट लावायचे, असं कुणालाही वाटेल. आजोबांच्या बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे आणि धाव एवढे अवयव होते; वंगण घातलं की बैल ओढून न्यायचे, आणि थांबवायचं कामही बैलच करायचे. मोटारीत थांबवायचं काम चाकाच्या पोटात बसलेला ब्रेक करतो. तिथून सगळी भानगड सुरू होते.

दुकानात भिंतभर चाकं टांगलेली होती. काळी, चंदेरी, एक तर सोनेरी. भाच्यानं पसंत केलं ते परातीसारखं खोलगट, आरे बाहेरच्या कडेपासून निघून मध्याकडे आत-आत गेलेले. गल्ल्यावरचे शेठ म्हणाले, ‘क्या चॉइस आहे! हेच हजार गाड्यांना बसवलंय.’ त्यांच्या मागं जमिनीवर एक वयस्कर मिस्त्री पान्याला फडकं पुसत बसला होता. तो काही बोलला नाही. त्यानं फक्त चाक उलटं केलं आणि मागच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं अक्षरं उठवलेली होती : 7J × 16, ET35.

आम्हा कॉमर्सवाल्यांच्या लेखी ईटी म्हणजे एकच, इकॉनॉमिक टाइम्स. हा ईटी निराळा. ‘आइनप्रेसटीफ’ असा काहीतरी दाढ दुखत असताना उच्चारावा तसा जर्मन शब्द आहे, त्याची ही आद्याक्षरं. मराठी मिस्त्री त्याला सरळ ऑफसेट म्हणतात. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ आहे असं समजा. चाकाची जी सपाट पाठ गाडीच्या हबला टेकते, ती या रेघेपासून किती दूर, तो ऑफसेट. पाठ रेघेच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या अंगाला असली तर ऑफसेट अधिक. आतल्या अंगाला असली तर उणे. रेघेवरच असली तर शून्य. नफा, तोटा, ना नफा ना तोटा. इतकी सोपी गोष्ट कॉमर्सच्या अभ्यासक्रमात का घातली नाही कोण जाणे. फक्त एक लक्षात ठेवायचं : ऑफसेट जितका अधिक तितकं चाक गाडीच्या पोटात, आणि जितका उणेकडे तितकं ते बाहेर मिरवतं. (ऑफिसातही जो फार बाहेर मिरवतो त्याचा ऑफसेट पाहून ठेवावा.)

भाच्याच्या गाडीची मूळ चाकं 6J × 15, ET45. म्हणजे रुंदी 6 इंच, व्यास 15, ऑफसेट 45 मिलिमीटर. मी शेठच्या कोटेशनच्या पाठीवर हिशेब मांडला. रुंदी एक इंचानं वाढणार, म्हणजे 25.4 मिलिमीटर. निम्मी बाहेर, निम्मी आत, 12.7 प्रत्येकी. ऑफसेट 10 नं कमी, म्हणजे अख्खं चाक 10 मिलिमीटर बाहेर सरकणार. म्हणून बाहेरची कड 22.7 मिलिमीटर बाहेर आणि आतली कड 2.7 मिलिमीटर आत. दोन्हींची बेरीज 25.4. ताळेबंद जुळला. मिस्त्रीनं माझ्याकडे प्रथमच माणसात गणल्यासारखं पाहिलं.

मागची चाकं झकास बसली. त्या गाडीला मागं ड्रमचे ब्रेक, ते आपले डब्यात बसल्यासारखे आत गप्प. भाच्यानं लगेच फोटो काढून चार मित्रांना पाठवले. शेठ बिल लिहायला लागले. मग मिस्त्री पुढच्या चाकाकडे वळला. पुढं डिस्क ब्रेक. म्हणजे चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी, आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा कॅलिपर नावाचा ओबडधोबड ठोकळा. मिस्त्रीनं टायर न चढवताच चाक हबवर लावलं, चारी नट आवळले, आणि हातानं हळूच फिरवलं. चाक फिरलं. आवाज नाही, काही नाही.

‘झालं तर!’ शेठ म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्या हातातला कोटेशनचा कागद मागितला. तो आऱ्याची पाठ आणि कॅलिपर यांच्या मध्ये सरकवला. कागद गेला. घडी घातलेला कागद मात्र जाईना.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘चाक बसतंय. ब्रेक बसत नाय.’

मला वाटलं होतं, चाक मोठं म्हणजे आत जागा जास्त. हिशेबानं तसंच हवं. पण ती जागा घेराची. कॅलिपरच्या डोक्यावर ऐसपैस जागा होती. अडचण होती त्याच्या तोंडासमोर, कारण परातीचे आरे तिथंच आत वळलेले. दोन चाकांवर एकच आकडे उठवलेले असले तरी आऱ्यांची वळणं निराळी, तर एक बसेल आणि दुसरं घासेल. आकड्यांनी जागेची अटकळ बांधता येते. खरी जागा लावून, फिरवून, बोट घालून पाहावी लागते.

‘पण घासत नाही ना?’ भाचा म्हणाला.

‘आज नाय घासत,’ मिस्त्री म्हणाला. ‘पॅड झिजलेत म्हणून.’

आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी तिथल्या टायरच्या थप्पीवर बसलो. अशा ब्रेकात दट्ट्या एकाच अंगाला असतो, आतल्या. तो आतलं पॅड थाळीवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेनं कॅलिपरचा ठोकळा सरकून बाहेरचं पॅड थाळीवर ओढतो. पॅड नवं असताना त्याचा थर सेंटिमीटरभर असतो. तो झिजत झिजत तीनेक मिलिमीटरवर आला की बदलायचं. जसजसं पॅड झिजतं तसतसा तो ठोकळा आत सरकतो, चाकाच्या आऱ्यांपासून लांब. म्हणजे आज जी कागदाएवढी फट दिसतेय ती चाकानं दिलेली नाही, ब्रेकनं झिजून दिलेली आहे. ज्या दिवशी नवं पॅड पडेल त्या दिवशी ठोकळा बाहेर येईल आणि आऱ्याला भिडेल.

यावर भाच्यानं तत्काळ तोड काढली. ‘मग पॅड बदलायचीच नाहीत!’

पोरगं इंजिनिअर नाही, वाईटही नाही. पण मला वाटतं, मनुष्यजातीनं आपल्याला थांबवणाऱ्यांच्या बाबतीत आजवर जे धोरण ठेवलं ते इतक्या थोडक्यात कुणी मांडलं नसेल.

शेठकडे आणखी दोन तोडी होत्या. पहिली, पाच मिलिमीटरचा स्पेसर. म्हणजे हब आणि चाक यांच्या मध्ये एक चकती टाकायची. चाक बाहेर सरकतं, आरे कॅलिपरपासून सुटतात. पण मग 35 चा ऑफसेट 30 सारखा होतो, आधीच 22.7 मिलिमीटर बाहेर आलेली कड 27.7 वर जाते, आणि नटाला धरायला आटे तेवढे कमी उरतात. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर ओझं वाढतं, स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. दुसरी तोड ऐकून तर मी उठूनच उभा राहिलो. शेठ म्हणाले, ‘किंवा कॅलिपर जरासा ग्राइंडरवर मारून देतो. पाच मिनिटांचं काम. सगळे करतात.’

म्हणजे चाक शोभेचं, ते तासायचं नाही. ब्रेक जीव वाचवणारा, तो तासायचा.

मिस्त्रीनं फडकं खांद्यावर टाकलं. ‘मी नाय मारणार,’ एवढंच म्हणाला. मग भाच्याकडे वळून, जरा समजुतीनं, ‘दादा, चाकानं ब्रेक बघून यायचं असतं. ब्रेकनं चाक बघून नाय.’

त्यानं आधी नवी पॅड टाकली. तशीही ती बदलायला झालीच होती. मग भिंतीवरचं दुसरं चाक काढलं, 6.5J × 16, ET42, आरे बाहेरच्या अंगाला थोडे फुगीर. लहान मुलं खेळतात तसल्या रंगीत मातीची एक गोळी कॅलिपरच्या तोंडावर चिकटवली, चाक लावलं, एक पूर्ण फेरा फिरवला, काढलं. चपटी झालेली गोळी मोजली. चार मिलिमीटर.

‘किती लागतं?’ मी विचारलं.

‘तीन तरी हवंच.’

तीनच का? तर ब्रेक तापला की लोखंड फुगतं. गाडी वळणावर टाकली की चाक कणभर लवतं. बेअरिंगमध्ये थोडा खेळ असतो. रस्त्यावरचा एखादा खडा मध्ये येतो. चाक तोलण्यासाठी आतून शिशाचा तुकडा चिकटवतात, तो दोन-तीन मिलिमीटर जाड असतो, तो भलत्या जागी बसला तर तोही खटखट वाजतो. गाडी उभी असताना केसभर जागा पुरते. गाडी चालायला लागली, तापली, वळली, की केस पुरत नाही. टायर 195/55 चे घेतले, म्हणजे बाहेरचा घेर जवळजवळ जुन्याइतकाच राहिला. पूर्वीच्या 185/65 ची उंची 621.5 मिलिमीटर, याची 620.9. वेगाचा काटाही खोटं बोलायला नको. भाच्याला ते चाक पहिल्याइतकं आवडलं नाही. पण पक्की पावती मिळाली.

तेव्हापासून मी घरोघरचे ब्रेक पाहायला लागलो.

प्रत्येक घरात ‘नाही’ म्हणणारं एक माणूस असतं. ‘रात्री दही नको.’ ‘एवढ्या कर्जात पडू नकोस.’ ‘पोरीला विचारल्याशिवाय होकार कळवू नका.’ त्या माणसाचे फोटो कुणी काढत नाही. ते चाकाच्या आत बसलेलं असतं, धुळीत माखलेलं. मग घरात नवी चाकं येतात. नवा धंदा, नवा फ्लॅट, नवे विचार, नवी सून, कधी नवा जावई. आणि घरातले सगळे शेठ होतात. ‘थोडं ॲडजस्ट करा ना आई!’ थोडं म्हणजे किती, हे कुणी रंगीत माती लावून मोजत नाही. आई आज थोडी झिजते, उद्या थोडी. दहा वर्षांनी पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं जातं, ‘पूर्वी फार बोलायच्या हो. आता स्वभाव अगदी निवळलाय.’ स्वभाव निवळलेला नसतो. पॅड तीन मिलिमीटरवर आलेलं असतं. घरात जी मोकळी मोकळी जागा दिसते, ती नव्या चाकाच्या समजूतदारपणाची नसून जुन्या माणसाच्या झिजेची असते. आणि झिजेनं मिळालेल्या जागेला जागा म्हणावं का, हाच माझ्या मते नीतिशास्त्रातला खरा प्रश्न आहे. बाकीचे प्रश्न परीक्षेपुरते.

याचा अर्थ जितकी फट मोठी तितकं बरं, असाही नाही. हल्लीची मुलं ‘मला माझी स्पेस हवी’ म्हणतात. हवीच. पण स्पेस मागणं वेगळं आणि स्पेसर टाकणं वेगळं. स्पेसर टाकला की घासणं थांबतं खरं. पण चाक गाडीपासून सुटत जातं, आट्यांची पकड कमी होते, आणि कुठल्या तरी न दिसणाऱ्या बेअरिंगवर सगळा भार येतो. वेगळं राहून महिन्याला पैसे पाठवणारी आणि फोन न करणारी घरं मी काउंटरवरून पुष्कळ पाहतो. त्यांची पासबुकं भरलेली असतात. घासत कुणीच नाही, थांबवतही कुणी नाही. अंतर वाढवण्यात शहाणपण नाही, मोजण्यात आहे. आणि मोजायचं ते ब्रेकपासून, तोही नव्या पॅडचा ब्रेक धरून. समोरचं माणूस पूर्ण ताकदीनं ‘नाही’ म्हणालं तर ते ‘नाही’ मावेल, इतकी जागा आपल्या चाकात आहे की नाही, एवढं पाहायचं.

बँकेत हे तत्त्व फार पूर्वीपासून आहे. जो नोंद करतो त्यानं ती मंजूर करायची नाही. जो मंजूर करतो त्यानं नोंद करायची नाही. एक मेकर, एक चेकर. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोघांच्या कमरेला. लोकांना वाटतं, बँकेचा एकमेकांवर विश्वास नाही. तसं नाही. विश्वासाला बसायला जागा लागते, ती या दोघांच्या मध्ये असते.

आमच्या शाखेत पूर्वी चेकरच्या खुर्चीवर एक साहेब होते. सुरुवातीला म्हणे त्यांच्याकडून व्हाउचर परत आलं नाही असा दिवस जात नसे. मग मॅनेजर म्हणाले, ‘टार्गेट आहे.’ ग्राहक म्हणाले, ‘वीस वर्षांचा संबंध आहे.’ कुणी म्हणालं, ‘जेवायची वेळ झाली.’ शेवटच्या तीन वर्षांत साहेब पुढं येईल त्यावर सही करीत. सगळी शाखा त्यांना देवमाणूस म्हणू लागली. निरोपसमारंभात पाचही वक्त्यांनी सांगितलं, ‘साहेबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.’ साहेब उत्तराला उभे राहिले. हातातल्या नारळाकडे बघत म्हणाले, ‘पहिल्यांदा पहिल्यांदा म्हणत होतो.’ आणि बसले. लोक हसले. वडे आले.

त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. वय तिशीच्या आतलं, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या. पहिल्याच दिवशी चार व्हाउचरं परत. शाखेत कुजबुज सुरू झाली, ‘फार घासतात.’ दुसऱ्या महिन्यात एक गृहस्थ वडिलांची मुदतठेव मोडायला आले. पावतीवर वडिलांची सही, रक्कम स्वतःच्या खात्यात जमा करायचा अर्ज. वडिलांचे गुडघे गेलेत, ते येऊ शकत नाहीत म्हणे. सही जुळत होती. जवळजवळ जुळत होती. मॅडम म्हणाल्या, ‘मी संध्याकाळी घरी येऊन जाते, काकांना त्रास नको.’ गृहस्थ तापले. जुने संबंध निघाले, वरच्या साहेबांचा फोन नंबर निघाला. मॅडमनी पावती टाचणी लावून ठेवून दिली आणि संध्याकाळी खरोखरच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारे स्वतः रिक्षानं आले. काठी टेकत काउंटरपर्यंत पोचायला त्यांना पाच मिनिटं लागली. ‘मोडायला?’ ते म्हणाले, ‘कुणी सांगितलं मोडायला?’ मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलाचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. त्यांनी पासबुक पुढं केलं, मी ते भरून दिलं, ते त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि पिशवीत ठेवलं. जुन्या साहेबांच्या काळात ती पावती जेवायच्या सुट्टीआधी पास झाली असती. साहेब वाईट नव्हते. त्यांचं पॅड झिजवून शाखेनं जागा केली होती, एवढंच.

मला काळजी वाटते ती मॅडमची. पॅड कितीही चांगलं असलं तरी झिजतं. गाडीच्या पुस्तकात ते दर सर्व्हिसिंगला तपासायला सांगितलेलं असतं. माणसाच्या सर्व्हिसबुकात रजा लिहितात, इन्क्रिमेंट लिहितात. या वर्षी हे माणूस किती मिलिमीटर झिजलं आणि कुणामुळं, याला रकाना नाही. आणि निरोपाच्या भाषणात ‘यांनी कधी कुणाला दुखावलं नाही’ असं कुणी म्हणालं की हल्ली माझ्या हातातला वडा तोंडापर्यंत जात नाही.

परवा मॅडमनी खुद्द मॅनेजरसाहेबांचं प्रवासभत्त्याचं व्हाउचर परत पाठवलं. पावती जोडलेली नव्हती. साहेब माझ्या काउंटरशी येऊन पुटपुटले, ‘फार घासतात हो या बाई. जरा ॲडजस्ट व्हायला नको?’

मी म्हटलं, ‘साहेब, घासायला लागलं की आधी चाक बघावं.’

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. तिमाही संपत आली होती आणि शाखेचं वाहनकर्जाचं टार्गेट अर्ध्यावर होतं. ‘अहो, गाडी घेताय आणि बोलला नाहीत?’ असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं कर्जाचा फॉर्म आणून माझ्यापुढं ठेवला. माझं नाव, हुद्दा, पगार, सगळं तिथंच उभ्या उभ्या लिहून काढलं. ‘तपासलं’ या शब्दापुढची जागा तेवढी मॅडमच्या सहीसाठी कोरी ठेवावी लागली.